वजनाशी वैर

जीएन ही जुनी इंग्रजी मोटार मागून बघावी, आणि जमलं तर जमिनीवर आडवं होऊन खालून. पुढून ती फसवते. निमुळतं नाक, बॉनेटच्या दोन्ही अंगांना डोकावणारे सिलिंडर, सायकलीला शोभतील अशी तारांची चाकं. बघणाऱ्याला वाटतं, कुणा हौशी माणसानं मोटारसायकलला जास्तीची दोन चाकं जोडली असावीत. मागे गेलं की या गाडीतला विचार दिसायला लागतो. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच सलग पोलादी ॲक्सल, त्याच्यावर शेजारीशेजारी बसवलेली लहानमोठी स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, आणि प्रत्येकावरून पुढे गेलेली स्वतंत्र चेन. इतर मोटारींच्या पोटाखाली ज्या जागी डिफरन्शियलचं जड ओतीव भांडं लोंबतं, तिथे इथे काहीच नाही.

ही रिकामी जागा मला या गाडीतली सर्वांत देखणी जागा वाटते. एखादा भाग उत्तम घडवणं हे कारागिराचं कसब झालं. तो भाग लागणारच नाही अशी मांडणी सुचणं ही त्याच्या पुढची पायरी. जीएनला तिच्या काळातही 'परवडत नाही म्हणून घेतलेली मोटार' असं हिणवलं जाई, आणि किंमत पाहता ते अगदीच खोटं नव्हतं. पण काटकसर आणि चोखंदळपणा बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळायला प्रत्येक गाळलेल्या भागाजवळ थांबून विचारावं लागतं: याचं काम आता कोण करतंय?

रॉन गॉडफ्रे आणि आर्ची फ्रेझर-नॅश हे लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजातले दोस्त. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन गाडीचं नाव झालं. नॅशचा जन्म १८८९चा, आणि तो झाला भारतात. १९१०मध्ये हेंडनला नॅशच्या आईच्या घराच्या तबेल्यात या दोघांनी गाडी उभी केली. सुरुवातीच्या या गाड्यांची चेसिस लाकडी, मागची चाकं फिरवायला पट्टे, आणि स्टिअरिंगला तारेचा दोर. त्या सुमारास इंग्लंड-फ्रान्सात 'सायकलकार' नावाचं वेड पसरलं होतं: मोटारसायकलच्या खर्चात मोटार. १९१२मध्ये तर या प्रकाराची आंतरराष्ट्रीय व्याख्याच ठरली. मोठ्या गटासाठी वजन ३५० किलोंच्या आत, इंजिन ११०० सीसीच्या आत. शेकडो लोकांनी शेकडो गाड्या काढल्या, आणि त्यातल्या बहुतेक खरोखरच भंगार होत्या. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत त्यांची नावंही उरली नाहीत. जीएन उरली. १९१९मध्ये ब्रिटिश ग्रेग्वार कंपनीनं ती घेतली, कारखाना वॉन्ड्सवर्थला गेला, पाचशे कामगार लागले आणि आठवड्याला पन्नासच्या आसपास गाड्या बाहेर पडू लागल्या. फ्रान्समध्ये साल्मसाँ या विमानाची इंजिनं करणाऱ्या कंपनीनं परवाना घेऊन तीच गाडी बनवली. आता चेसिस पोलादाची होती, चामड्या-रबराचे पट्टे जाऊन चेन आल्या होत्या. मी ज्या गाडीबद्दल बोलतोय ती ही, १९१९ ते १९२२ची.

वजन साधारण चारशे किलो. आमच्या नाशिकला सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून २००२पासून जी स्कॉर्पिओ बाहेर पडली, तिच्या एका वजनात अशा चार जीएन सहज बसतील. ही तुलना स्कॉर्पिओला कमी लेखायला नाही. सात-आठ माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन सापुताऱ्याला जायचं तर जीएनचा उपयोग शून्य. पण वजनाची आपली सवय किती बदललीय ते या आकड्यातून कळतं. आज गाडी दाराच्या आवाजावरून जोखली जाते. दार लावल्यावर 'धप्प' असा भारदस्त आवाज आला की गिऱ्हाईक खूश. जीएनच्या दाराबद्दल न बोललेलंच बरं.

आधी इंजिन बघू. दोन सिलिंडर, एकमेकांशी नव्वद अंशांच्या कोनात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. क्षमता १०८७ सीसी. थंड करायला वारा, म्हणजे पाणी नाही. आता पाणी नाही एवढ्यावर काय काय घडतं ते बघा. पाणी नाही म्हणून रेडिएटर नाही. रेडिएटर नाही म्हणून त्याला धरणारी चौकट नाही, पाइप नाहीत, पाइपांच्या क्लिपा नाहीत. गाडीचं नाक हलकं झालं म्हणून पुढचा ॲक्सल बारीक चालतो. ॲक्सल बारीक म्हणून स्प्रिंगचे पाटे बारीक. सगळंच हलकं, म्हणून थांबवायलाही कमी जोर, सबब ब्रेक लहान. एकाला घराबाहेर काढलं की त्याच्या जिवावर राहणारे चार पाहुणेही आपोआप निघतात. वजनाचं गणित असं उलटंही चालतं, हे बहुतेक मोटारवाल्यांना ठाऊक असतं. पण ते शेवटपर्यंत ओढून नेण्याची हिंमत क्वचितच कुणी दाखवतं.

नव्वद अंशांचा कोनही उगाच निवडलेला नाही. या कोनात एका पिस्टनच्या धक्क्याला क्रँकवरच्या वजनानं नीट तोलता येतं, त्यामुळे दोनच सिलिंडर असूनही इंजिन हाडं खिळखिळी करत नाही. मात्र ठोके समान अंतरानं पडत नाहीत. एक जवळ, एक लांब, पुन्हा एक जवळ. आजच्या पोरांनी हा ठेका डुकाटीच्या मोटारसायकलींत ऐकलेला असतो. तिथेही कोन नव्वदचाच. चार सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज सलग धारेसारखा येतो. इथे प्रत्येक स्फोट सुटा ऐकू येतो, आणि चढावर इंजिन दमायला लागलं की चालवणाऱ्याला ते काट्याकडे न बघता कळतं. तसेही फारसे काटे नव्हतेच.

पण इंजिनात जीएन एकटी नाही. दोन सिलिंडरची, वाऱ्यानं थंड होणारी इंजिनं तेव्हा पुष्कळ होती. तिचं खरं वैभव इंजिनाच्या मागे सुरू होतं.

नेहमीच्या मोटारीत काय असतं? इंजिन, क्लच, मग गिअरबॉक्स: तेलात बुडालेल्या दातेरी चाकांची बंद पेटी. तिथून लांब दांडा मागे जातो, डिफरन्शियलमध्ये काटकोनात वळतो आणि दोन चाकांना वाटला जातो. जीएनमध्ये क्लचनंतर एक छोटा दांडा, आणि गाडीच्या मध्यावरच बेव्हल गिअरची लहानशी डबी. काटकोनाचं वळण तिथेच उरकलं. त्या डबीच्या दोन्ही बाजूंना आडवा दांडा, आणि त्यावर मोकळी फिरणारी स्प्रॉकेट, प्रत्येक गिअरला एक. प्रत्येकावरून एक चेन मागच्या ॲक्सलवरच्या जोडीदाराकडे. ॲक्सलवरची स्प्रॉकेट पक्की, पुढची मोकळी. म्हणजे गाडी चालताना सगळ्या चेन सदासर्वदा फिरतात, पण ओढत असते एकच. कुठली ओढणार हे ठरवायला डॉग क्लच: दातांची एक कडी आडव्या दांड्यावर सरकते आणि हव्या त्या स्प्रॉकेटच्या दातांत जाऊन अडकते. झाला गिअर. गिअरबॉक्स नावाची पेटीच नाही. तिचं काम चेन आणि स्प्रॉकेट आपसात वाटून घेतात.

एवढ्यावर न थांबता या मांडणीचे पुढचे फायदे मोजावेत. नीट तेल दिलेली, स्वच्छ चेन शंभरातली अठ्ठ्याण्णवच्या आसपास ताकद चाकापर्यंत पोचवते. नाशिककरांना हे पटवून द्यायला नको. ज्या गावातल्या महाजन बंधूंनी २०१५मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पुरी केली, त्या गावात पहाटे गंगापूर रोडला चेनला तेल देत उभे असलेले लोक दिसतात. दुसरं: चढाच्या शर्यतीला जायचंय, गिअर थोडे खालचे हवेत? एक स्प्रॉकेट काढा, कमी-जास्त दातांचं लावा, चेनचे दुवे कमी-जास्त करा. पेटी उघडायची नाही, तेल सांडायचं नाही. तिसरं मला सर्वांत आवडतं. रस्त्यात एक चेन तुटली तर फक्त तेवढा गिअर जातो. ती काढून डब्यात टाकायची आणि उरलेल्या गिअरांवर घर गाठायचं. नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये एक दात तुटला तर तो तुकडा बाकीच्यांना घेऊन बुडतो.

एक बारीक गोष्ट नजरेतून सुटू नये. मागचा ॲक्सल खड्ड्यात वरखाली होणार. मग चेन कधी ताणली जाणार, कधी सैल पडणार? त्यावर उपाय असा, की ॲक्सलला धरणारे दांडे जवळजवळ त्या आडव्या दांड्याच्याच केंद्राभोवती डोलतात. ॲक्सल वर गेला काय, खाली आला काय, दोन स्प्रॉकेटमधलं अंतर तेच. ही भूमिती कागदावर काढून पाहिली की मन प्रसन्न होतं. पाटे लंबवर्तुळाच्या चौथ्या हिश्शाचे, एका टोकाला चेसिसला घट्ट धरलेले. पूर्ण पाट्याच्या निम्म्याहून कमी पोलाद. इथेही तेच: जे लागत नाही ते नाही.

आता त्या रिकाम्या जागेकडे परत येऊ. डिफरन्शियल कशासाठी असतं? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळं फिरता यावं यासाठी ती सगळी चक्रं. जीएनमध्ये दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली, म्हणजे वळणावर एकाला घसटावंच लागणार. त्यावरचा तोडगा अगदी साधा: मागची चाकं एकमेकांच्या जवळ आणा. अंतर जितकं कमी, घसट तितकी कमी. म्हणून जीएन मागून अरुंद दिसते. उरलेली घसट? ती चालवणाऱ्यानं सांभाळायची.

ही 'सांभाळण्याची' गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना जी आवळलेली वळणं लागतात, तशा वळणावर ही गाडी आळशी माणसाच्या हाती सरळ जायला बघेल. जखडलेली मागची चाकं तिला पुढेच ढकलत राहतात. पण वळणाच्या तोंडाशी तिला किंचित हिसका देऊन मागचा भाग सैल सोडला आणि नेमक्या क्षणी इंजिनाला जोर दिला, की गाडीची शेपूट बाहेर झुलते आणि नाक वळणाच्या आत वळतं. स्टिअरिंग निम्मं हातात आणि निम्मं उजव्या पायात. हलकी असल्यामुळे ती घसरते पटकन आणि सावरतेही पटकन. डिफरन्शियलचं काम गेलं नाही, ते माणसाकडे आलं. जीएनच्या सौंदर्याची खूण मला इथे सापडते. तिनं गाळलेला प्रत्येक भाग कुणाच्या तरी अंगावर येतो, आणि बहुधा तो 'कुणीतरी' गाडी चालवणारा असतो. ज्याला हे ओझं वाटतं त्याला गाडी अर्धवट वाटते. ज्याला यात मजा येते त्याला मग दुसरी कुठलीच गाडी पुरी पडत नाही.

नॅशनं आपल्या शर्यतीच्या गाडीचं नाव ठेवलं 'किम'. पुढे 'मोगली' आणि 'अकेला' ही नावंही जीएनच्या घराण्यात आली. सगळी किपलिंगच्या गोष्टींतली. किपलिंग जन्मला १८६५मध्ये मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, बापाची तिथे नोकरी होती. मोगलीचं रान शिवनीकडचं, ज्याचा दक्षिणेकडचा भाग आज पेंच म्हणून आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. किपलिंगच्या साम्राज्यप्रेमाबद्दल आपली भांडणं वेगळी आणि रास्त आहेत. पण भारतात जन्मलेल्या इंग्रजानं आपल्या गाडीसाठी लाहोरच्या गल्लीतल्या पोराचं नाव निवडावं, यात फक्त हौस नाही, नेमकी निवड आहे. किम हडकुळा, चपळ, कुठल्याही गर्दीतून निसटणारा. ज्याच्याकडे सामान नाही म्हणून ज्याला कुठे अडकायला होत नाही. मोठ्या मोटारींना शोभतं एखादं भारदस्त नाव. इथे एक अनवाणी मुलगा.

त्या अनवाणी मुलानं पैलवानांना पाणी पाजलं. १९२१मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स शर्यतपट्ट्याच्या खडबडीत सिमेंटवर दोनशे मैलांची शर्यत झाली, तिच्यात ११०० सीसीच्या गटात नॅश स्वतः जीएन घेऊन पहिला आला. पण माझ्या मते जीएनची सर्वांत बोलकी कामगिरी तिच्या निर्मात्यांनी केलेलीच नाही. मॅक्लस्फील्डच्या बेसिल डेव्हनपोर्टनं जीएनच्या सांगाड्यावर आणि दीड लिटरच्या जीएन इंजिनावर 'स्पायडर' नावाचं एक यंत्र बेतलं. यंत्रच म्हणायचं, कारण गाडी म्हणावं असं त्यावर फारसं नव्हतं. वुस्टरशरमधल्या शेल्स्ली वॉल्श इथे १९०५पासून चढाच्या शर्यती होतात. अंतर फक्त हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, पण उभा चढ आणि मध्ये एस आकाराचं वळण. तिथे १९२६मध्ये स्पायडर ४८.८ सेकंदांत वर पोचली. पन्नास सेकंदांच्या आत तो चढ तोवर कुणी चढलं नव्हतं. मोठ्या कारखान्यांच्या, मोठ्या इंजिनांच्या, सुपरचार्जर लावलेल्या गाड्या त्या टेकडीवर येत होत्या. चढावर वजन हा उघड शत्रू असतो. सपाटीवर इंजिनाच्या ताकदीआड तो लपतो, घाटात लपत नाही. कसारा घाटात मालट्रकच्या मागे अडकलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' इथून सुटत आली, आणि त्या मातीच्या रस्त्यांच्या कडेला उभं राहून पाहणाऱ्यांना मागचा भाग झुलवत वळण घेणं नवं नाही. फरक एवढाच, की रॅलीच्या गाडीत ड्रायव्हरला ही सवलत मिळावी म्हणून बाजारातल्या गाडीवर लाखो रुपये खर्चून डिफरन्शियलला कुलूप घालावं लागतं. जीएनमध्ये कुलूप घालायला दारच नव्हतं.

आता दुसरी बाजू. रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. जीएन अतिशय गैरसोयीची गाडी होती. चेन उघड्या, त्यामुळे धूळ नि चिखल त्यांच्यावर आणि त्यांचं तेल बाकी सगळ्यांवर. डॉग क्लचला मऊपणा माहीत नाही. इंजिनाचा वेग जुळला नाही तर 'खाड्कन' आवाज, आणि जुळला तर मात्र सुरीसारखा गिअर पडतो, पण हे जमेपर्यंत शेजारी बसलेल्या माणसानं काय करायचं? शेजारी म्हणजे तरी किती शेजारी. दोन प्रौढांना बसायला एकमेकांचे खांदे आडवे-तिडवे करावे लागत. सामानाला जागा नाही. पावसात पाऊस अंगावर, उन्हात इंजिनाची धग पायांवर. या गाडीच्या बाजूनं बोलणारे बहुतेक लोक चालवणारे आहेत. शेजारच्या सीटवरून लिहिलेली तिची स्तुती माझ्या वाचनात नाही.

आणि मग १९२२मध्ये ऑस्टिन सेव्हन आली. थोड्याच काळात किंमत १६५ पौंडांवर उतरली. इथे जीएनच्या भक्तांची थोडी पंचाईत होते, कारण ऑस्टिन सेव्हनही हलकीच होती. साडेतीनशे-चारशे किलोंच्या घरातली. म्हणजे हलकेपणा ही जीएनची एकटीची मिरास नव्हती. ऑस्टिननं केलं ते असं: मोठ्या मोटारीत जे जे असतं ते ते सगळं ठेवलं, चार सिलिंडर, रेडिएटर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चार माणसांच्या जागा, आणि सगळंच लहान केलं. बायको-मुलांना घेऊन चर्चला जाणाऱ्या कारकुनाला यात कमीपणा वाटत नव्हता. शेजाऱ्याच्या गाडीत जे आहे ते आपल्याही गाडीत आहे, आकाराचं काय एवढं. जीएनकडे बघून मात्र शेजारी आधी विचारणार, बाकीची गाडी कुठाय? बाजारानं ऑस्टिनच्या बाजूनं कौल दिला आणि तो योग्यच होता. पुढच्या सतरा वर्षांत ऑस्टिन सेव्हन लाखांनी खपली. आपल्याकडेही 'बेबी ऑस्टिन' हे नाव आजोबांच्या पिढीच्या तोंडी होतं.

मला इथे हटकून इचलकरंजी आठवते. शंकरराव कुलकर्णींनी १९४९पासून पुढे दोन-अडीच दशकं 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या खर्चानं घडवली. एक नमुना केला, सुधारला, पुन्हा नवा केला. इंजिन मागे, आणि सस्पेन्शनला पोलादी पाट्यांऐवजी रबर. त्या रबरापाशी थांबावंसं वाटतं. पाटे म्हटले की त्यांच्या पिना, बुश, शॅकल, ग्रीसचे निपल, आणि दर काही दिवसांनी त्यात ग्रीस भरणारा माणूस. रबरानं ही सगळी वरात एका फटक्यात घरी पाठवली. नॅश-गॉडफ्रेला हे बघून भरून आलं असतं. पण मीराची दिशा त्यांच्या उलट होती. जीएननं भाग काढून चालवणाऱ्याचं काम वाढवलं. शंकररावांनी भाग काढून मालकाचं काम कमी केलं. शर्यतीचा विचारच नव्हता. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल आणि गावच्या मिस्तरीला कळेल अशी गाडी हवी होती. म्हणजे जीएनची कात्री आणि ऑस्टिनचं गिऱ्हाईक. हे जुळवणं मला जीएनपेक्षा अवघड वाटतं. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण परवान्यांच्या त्या राज्यात कारखाना काही उभा राहिला नाही. जीएनला निदान बाजारात हरायची संधी मिळाली.

आणखी एक नाव घ्यायला हवं, अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सचं. लोटस सेव्हन या १९५७च्या इंग्रजी गाडीच्या घाटाची दोन माणसांची उघडी रोडस्टर त्यांनी रायगड जिल्ह्यात बनवली. अंग फायबरचं, इंजिन ॲम्बॅसॅडरला बसायचं ते १.८ लिटरचं इसुझू. ॲम्बॅसॅडरमध्ये ज्या इंजिनाला लोक कधी वेगाशी जोडत नसत, तेच इंजिन हलक्या सांगाड्यात टाकल्यावर वेगळंच वागू लागतं. नॅशनं हसून मान डोलावली असती. गाडी मात्र, स्पष्टच सांगायचं तर, दुसऱ्याच्या चालीवर बांधलेली आहे. तिच्यात गाळलेलं जे आहे ते लोटसच्या कॉलिन चॅपमननं आधीच गाळलेलं होतं.

जीएनचं पुढे काय झालं ते दोन ओळींत सांगण्यासारखं आहे, कारण त्यात रस कमी. पैशाच्या अडचणी आल्या, मालकी बदलली, आणि नव्या मालकांनी ठरवलं की गिऱ्हाइकाला 'खरी मोटार' हवीय. मग पाण्यानं थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन आलं, चेनच्या जागी दांडा आला, आणि १९२२मध्ये नॅश नि गॉडफ्रे दोघेही बाहेर पडले. दशकाच्या मध्यापर्यंत जीएन संपली. या शेवटच्या गाड्यांची चित्रं मी बारकाईनं पाहिली आहेत. त्यांच्यात दोष काढायला जागा नाही. त्या काळातल्या दुसऱ्या पन्नास गाड्यांसारख्याच त्या आहेत.

नॅशनं चेन सोडली नाही. त्यानं फ्रेझर नॅश नावानं तीच मांडणी चार सिलिंडरच्या इंजिनाला जोडून स्पोर्ट्स कार काढली. त्याचा हिशेब पुन्हा गडबडला, आणि १९२९पासून आल्डिंग्टन बंधूंनी ती कंपनी चालवली. एकूण साडेतीनशेच्या आसपास चेनवाल्या फ्रेझर नॅश झाल्या असतील. त्यांचे मालक स्वतःला 'चेन गँग' म्हणवून घेतात आणि आजही त्या गाड्या टेकड्यांवर पळवतात. नॅश स्वतः मात्र दुसऱ्याच वाटेला लागला: बॉम्बफेकी विमानांवरचे बंदुकीचे बुरूज. वेलिंग्टन, व्हिटली, लँकेस्टर यांच्यावर 'एफएन' अक्षरांचे जे हायड्रॉलिक बुरूज होते ते त्याच्या कंपनीचे. शेपटीच्या बुरुजातले तोफची पुढे समोरची पारदर्शक तावदानं काढूनच टाकू लागले. ओरखडे नि दव यांतून रात्री शत्रूचं विमान दिसत नसे. थंडी मरणाची, पण दिसायचं स्वच्छ. नॅशच्या यंत्रातूनही गाळण्यासारखं काही शिल्लक निघालं.

गॉडफ्रेचं मला जास्त अप्रूप वाटतं, कारण त्यानं घाई केली नाही. १९३६मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर, त्यानं हॅलफर्ड आणि रॉबिन्स या दोघांबरोबर एचआरजी काढली. चेन गेली होती. साधा गिअरबॉक्स, साधा मागचा ॲक्सल, बाहेरून विकत आणलेलं इंजिन. म्हणजे कागदावर त्यानं सगळं परत घेतलं जे तरुणपणी फेकलं होतं. पण गाडी हलकी, पुढचा ॲक्सल सरळ दांड्याचा, नि पाटे इतके कडक की रस्त्यावरचं प्रत्येक नाणं छापा की काटा ते बुडाला कळावं. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं जग मऊ सस्पेन्शनकडे वळलं, तेव्हाही त्यानं पाटे मऊ केले नाहीत. १९४९मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दीड लिटरचा गट एचआरजीनं जिंकला, तोपर्यंत तिचा आराखडा उघडउघड म्हातारा झालेला होता. १९५६पर्यंत अशा अडीचशेच्या आत-बाहेर गाड्या निघाल्या आणि मग बंद. ल मान्सला ती गाडी चालवणाऱ्यांच्या पाठीचे दुसऱ्या दिवशी काय हाल झाले असतील, याची कल्पना नाशिक-मुंबई रस्त्याचं काम सुरू असताना भिवंडीपर्यंत गेलेल्यांना करता येईल.